किनारा कोणाचा?

त्रिनिदाद बेटाची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन पारियाच्या आखाताकाठी वसली आहे. परंतु नवख्या प्रवाशाच्या नजरेत प्रथम भरते ते पाणी नव्हे, हिरवळ. सुमारे २६० एकरांचे क्वीन्स पार्क सव्हाना हे मैदान म्हणजे या नगरीचे अंगणच. त्याच्या पश्चिम कडेला विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सात भव्य वास्तू ओळीने उभ्या आहेत. उत्तरेस १८१८ साली स्थापन झालेले वनस्पतिउद्यान आहे. कडेला शहाळेवाले असतात. हे सारे पाहून झाले की प्रवासी साहजिकच विचारतो, समुद्रस्नानाला कोठे जावे? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात बेटाचा बराचसा इतिहास सामावला आहे.

पश्चिमेकडील चागुआरामास हे राजधानीतील लोकांचे जुने स्नानस्थान. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तेथील भूमी अमेरिकन नौदलाला भाडेपट्ट्याने दिली आणि तो किनारा नागरिकांना पारखा झाला. भरपाई म्हणून अमेरिकनांनी उत्तरेचे डोंगर कापून माराकास उपसागराकडे रस्ता बांधून दिला. तो १९४४ साली खुला झाला. आज सुटीच्या दिवशी या वळणावळणांच्या वाटेने सारे शहर माराकासला लोटते. मागे हिरवे डोंगर, पुढे माडांची रांग आणि फेसाळ लाटा. तळलेल्या रोटीत शार्क माशाचा तुकडा घालून खाल्ल्यावाचून तेथून कोणी परतत नाही. पण गेलेला किनारा लोक विसरले नव्हते. तो परत मिळावा म्हणून १९६० साली एरिक विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली भर पावसात मोर्चा निघाला. पुढे ती भूमी देशाकडे परत आली.

याच आखातात नेल्सन नावाचे चिमुकले बेट आहे. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' या जहाजातून भारतीय मजुरांची पहिली तुकडी त्रिनिदादला पोचली. १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० गिरमिटिये आले. त्यांतील कित्येकांचे पहिले पाऊल या बेटावर पडले. तेथे प्रकृतीची तपासणी होई आणि मग उसाच्या मळ्यांवर रवानगी. त्यांच्यासाठी किनारा हे विहाराचे स्थळ नव्हते. मायदेशाशी ताटातूट पक्की झाल्याची ती खूण होती.

लहानपणी भारतातून आलेल्या शिवदास साधू या मजुराने १९४७ साली, राजधानीच्या दक्षिणेस वॉटरलू येथे, किनाऱ्यालगत देऊळ बांधले. जमीन ऊस कंपनीची होती. १९५२ मध्ये देऊळ पाडण्यात आले आणि साधूला चौदा दिवस तुरुंगात काढावे लागले. सुटल्यावर त्याने जमिनीचा नाद सोडला. भूमीला मालक असतो, समुद्राला नसतो, एवढे त्याला कळले होते. सायकलवरून दगड, सिमेंट व वाळू वाहून त्याने ओहोटीच्या चिखलात भर घातली आणि वर्षानुवर्षे एकट्याने खपून पाण्यात नवे देऊळ उभे केले. १९९५ साली, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, त्याचा जीर्णोद्धार झाला.

वॉटरलूला शुभ्र वाळू नाही. ओहोटीला दूरवर गाळच दिसतो. देवळाकडे जाणाऱ्या बांधाच्या दोहों बाजूंना पाणी आणि शेजारच्या तीरावर चितांची जागा. माराकासची लाट अंगावर घ्यावीच. पण परतण्यापूर्वी एक संध्याकाळ या बांधासाठी राखून ठेवावी.