भट्टीतलं स्टील



पाच मिनिटं मिळाली आहेत, तेव्हा माझ्या एका चुकीबद्दलच बोलतो.

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ॲनिलिंगची भट्टी होती, तापमान साधारण 800 अंश. माल ठेवायच्या बास्केट 304 स्टीलच्या, म्हणजे अंदाजे 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. मी नवा होतो. म्हटलं, 310 घ्या. त्यात 25 टक्के क्रोमियम, 20 टक्के निकेल. महाग आहे, पण टिकेल.

माझं गणित सोपं होतं. क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, दुधावर साय धरते तसा, आणि आतलं लोखंड वाचतं. क्रोमियम जास्त, तर संरक्षण जास्त. यात खोटं काही नाही. 1000 अंशांच्या वर 304 ची खपल्या पडून माती होते, तिथे 310 च लागतं.

पण दिवाळीच्या सुट्टीसाठी भट्टी थंड केली आणि एका कामगाराच्या हातून रिकामी बास्केट फरशीवर पडली. स्टीलने वाकायला हवं होतं. ती कपबशीसारखी फुटली! तुकडा त्याच्या पायाशेजारून गेला. भरलेली बास्केट क्रेनवर असती तर? त्या रात्री मला झोप आली नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली कारण दिसलं. साधारण 600 ते 900 अंशांत महिनोन्‌महिने राहिलं, की लोखंड आणि क्रोमियम मिळून 'सिग्मा' नावाचे कठीण, ठिसूळ कण कणसीमांवर तयार होतात. क्रोमियम जितका जास्त, तितकी त्यांना घाई. सिलिकॉनही तसाच दुटप्पी: ऑक्साइडच्या थराला आधार देतो आणि सिग्मालाही हातभार लावतो. निकेल सिग्माला आवरतो, पण 310 मध्ये तो पुरा पडत नाही. गरम असताना काही कळत नाही. थंड झालं की ठिसूळपणा उघडा पडतो.

1050 अंशांच्या वर तापवून पाण्यात झटकन थंड केलं, तर सिग्मा विरघळतो. आमच्या भट्टीत तो पुन्हा आलाच असता. म्हणून मुकाट्याने 304 वर परतलो. 800 अंशांना तेवढा क्रोमियम पुरतो, आणि सिग्माही फार सावकाश होतो. मालकांना हे सांगताना मात्र, गृहपाठ न करता बाईंसमोर उभं राहिल्यासारखं वाटलं.

त्या बास्केटचा तुकडा पिशवीत आणलाय. चहाच्या वेळी बघा, पण जपून, कडा अजून धारदार आहे.