परभणीचे सोयाबीन, कोयासानचे ताट

परभणीची मित्रमंडळी जपानच्या प्रवासास निघाली म्हणजे त्यांतील शाकाहारी गृहस्थांस पहिली धास्ती जेवणाची! ती अनाठायी नव्हे. तेथे साध्या भाजीच्या रश्शातही बहुधा सुक्या माशाचा अर्क उतरलेला असतो. अशांनी कोयासान पर्वतावरील मठांत मुक्काम करावा. आचार्य कूकाईंस ८१६ साली राजाज्ञेने लाभलेल्या या क्षेत्री, जेथील विद्यापीठात २०१५ साली डॉ. आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला, मठाच्या जेवणात मासा नाही, कांदा-लसूणही नाही. जणू आपला चातुर्मासच! आणि ताटात ओळखीचे धान्य भेटते. गोठवून वाळविलेले कोया-दोफू, मिसोचे सार, शोयू, सारे सोयाबीनचेच. परभणीचा शेतकरी हेच पीक मोंढ्यावर नेऊन घालतो. ते तेलगिरणीस जाते, त्याच्या चुलीपर्यंत क्वचितच पोचते.