स्वारी, आक्रमण आणि पोलीस ॲक्शन



मी सॉफ्टवेअरवाली. 'इन्व्हेजन'ला मराठी शब्द काय, असं मला कुणी विचारलं तर मी उलट विचारते, कोण कुठे शिरलं?

'आक्रमण'च्या मुळाशी 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं. मार्गक्रमण त्यातलंच आणि नगरपालिका पाडते ते अतिक्रमणही. पण आक्रमण म्हटलं की त्यात दोष आलाच. 'स्वारी' फारसी 'सवार'वरून आली. ती फक्त घोडेस्वार निघाले एवढंच सांगते. म्हणून १२९६ साली अल्लाउद्दीन खलजीची देवगिरीवर झाली ती स्वारी, आणि ते आक्रमणही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांची फौज मोगलांच्या जालन्यावर आली, ती मात्र स्वारीच. त्याला आक्रमण म्हटलेलं मी तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलं नाही. (कबड्डीतली 'चढाई' सर्वांत प्रामाणिक. दोन्ही संघांना एकच शब्द.)

आता १३ सप्टेंबर १९४८. भारतीय लष्कर निजामाच्या हद्दीत शिरलं, रणगाड्यांसह. लष्करी नाव 'ऑपरेशन पोलो'. पाच दिवसांत निजाम शरण आला. जालनाही त्याच दिवसांत ताब्यात आलं. तरी नाव पडलं 'पोलीस ॲक्शन'. हैदराबादची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे होती. युद्ध म्हटलं असतं तर समोर दुसरा देश आहे हे मान्य करावं लागलं असतं. पोलीस घरातल्या भांडणात येतात! एका शब्दानं केवढं काम केलं.

आपल्या वर्गात दोन्हीकडची मुलं होती. रझाकारांच्या धाडी सोसलेल्या घरांत तो शब्द सुटकेचा होता. काही मैत्रिणींच्या घरी मात्र 'ॲक्शन' म्हणताना आजीचा आवाज खाली यायचा. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात अनेक मुसलमान मारले गेले; चौकशीला पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला आपण सगळे एकाच रांगेत उभे असायचो, आणि 'मुक्तिसंग्राम' हा शब्द सगळेच म्हणायचो. तो खराच आहे. पण त्या आजीचा शब्द कुणी विचारला नाही.

तेव्हा कळत्या वयात असलेली माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत. तुमच्या घरी कुणी असेल तर या दिवाळीत बसा त्यांच्याजवळ. सैन्य आलं त्या दिवसाला त्या काय म्हणतात, तेवढं फोनवर रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. ऐकून टंकून ठेवायचं काम माझं.