कोलांटी आणि वस्तादाचा हात

अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं निघालें. १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं देशी व्यायामाचीं प्रात्यक्षिकें केलीं. व्यायामशाळा अशी नांवारूपाला आली कीं मुलांची रीघ लागते, आणि खरी अडचण तेथेंच सुरू होते.

श्रोतेहो, कोलांटी दिसते सोपी. हनुवटी छातीशीं, पाठ गोल, भार खांद्यांवर. मानेवर मुळींच नव्हे. भ्यालेलें मूल नेमकी मानच ताठ करतें. तेथें वस्तादाचा हात मानेमागें असावा लागतो. तीस मुलांना एकच वस्ताद असला, तर तो हात पोंचणार कोठून? पालक मात्र मूल मल्लखांबावर कधीं चढणार, एवढेंच विचारतात! वस्तादानें आधीं जाणतीं मुलें हाताखालीं तयार करावींत. मगच नवीं नांवें नोंदवावींत.