दवाखान्याचा खर्च : सरकारी योजना की खासगी विमा?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर आजारपणाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. घरात मोठे आजारपण आले की आधी दागिने गहाण पडतात आणि मग मुलीचे कॉलेज सुटते. म्हणून हा प्रश्न शिक्षणाचाच आहे.

प्रथम सरकारी योजना पाहू. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने तिची मर्यादा दर कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपये झाली आणि पांढरी शिधापत्रिका असलेल्यांनाही तीत स्थान मिळाले. कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही. आजार जुना असला तरी थांबावे लागत नाही. मात्र उपचार योजनेच्या यादीतला हवा आणि रुग्णालय योजनेशी संलग्न हवे. यासाठी दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला भेटावे. शिधापत्रिकेत नावे अचूक नसतील तर ती आजच दुरुस्त करून घ्यावीत.

कारखान्यात काम करणाऱ्यांचा आणखी एक हक्क आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. १८,००० पगार असेल तर कामगाराचे १३५ रुपये कापले जातात आणि मालक ५८५ रुपये भरतो. या योजनेत बाह्यरुग्ण उपचार व औषधेही मिळतात, कुटुंबीयांनाही मिळतात. ही कपात होते की नाही, हे पगारपत्रकात पाहावे.

आता खासगी विमा. रुग्णालयांची निवड येथे अधिक असते. पण हप्ता दरवर्षी भरावा लागतो आणि तो वयाबरोबर वाढतो. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस साधारणतः संरक्षण नसते. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी ३६ महिन्यांपर्यंत थांबवू शकते. एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, एवढा दिलासा मिळाला आहे.

मग निवड कशी करावी? जो हक्क फुकट मिळतो तो आधी पदरात पाडून घ्यावा. नंतर हप्ता वर्षानुवर्षे झेपणार असेल तरच खासगी विमा घ्यावा, आणि तो प्रकृती धडधाकट असताना घ्यावा. मुलांची फी थकवून विम्याचा हप्ता भरू नये. तसेच, "फुकटचे ते हलके" या समजुतीने सरकारी कार्ड पेटीत ठेवून कर्ज काढू नये. अर्जात मधुमेह, रक्तदाब लपवू नये. एजंट "राहू द्या" म्हणाला तरी सही आपली असते, आणि दावा नाकारला गेला तर नुकसान आपलेच होते.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे सांगणे तुम्हाला. तुमच्या घरी कदाचित तुम्हीच पहिले शिकलेले असाल. पॉलिसीचे बारीक अक्षर वडिलांना वाचून दाखवा. खोलीभाड्याची मर्यादा, प्रतीक्षाकाळ आणि वगळलेले आजार, या तीन गोष्टी वहीत उतरवा. पॉलिसी पसंत पडली नाही तर ती हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, हेही त्यांना सांगा. तुमच्या शिक्षणाचा पहिला लाभ घराला असा होऊ द्या.