पक्षी पाहायला दुर्बीण घेताना

थंडीत भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले की नव्या पक्षीमित्रांचा प्रश्न ठरलेला असतो: दुर्बीण कोणती घेऊ? वीस पटीच्या मोहात पडू नका, हे आधी सांगतो. हाताची बारीकशी थरथरही तेवढ्याच पटीने वाढते आणि पक्षी स्थिर दिसतच नाही.

माझ्या मते पहिली दुर्बीण ८ × ४२ ची असावी. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस हा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागा: सव्वापाच मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. खिशात मावणाऱ्या ८ × २५ मध्ये तो जेमतेम तीन. भर उन्हात फरक जाणवणार नाही, पण पहाटे गर्द झाडीत लहान दुर्बिणीतून सगळं काळपट दिसतं आणि पिसांचे रंग कळत नाहीत. शिवाय आठपटीत सहसा दृश्य रुंद मिळतं, त्यामुळे फांदीफांदीवर उड्या मारणारा शिंजीर चटकन सापडतो.

चष्मा असेल तर तो लावूनच दुकानात पाहा. डोळ्याजवळचे रबरी कप आत फिरवा. तरीही दृश्याच्या कडा कापल्या गेल्या तर ती दुर्बीण तुमची नव्हे.

आणि सह्याद्रीच्या पावसात हिंडणार असाल तर आत नायट्रोजन भरलेली, जलरोधकच घ्या. साध्या दुर्बिणीत भिंगांच्या आतून बाष्प धरतं, आणि ते पुसता येत नाही.