आळस आणि असमर्थता : एका दुआचा अर्थ



इस्लामी परंपरेत ‘दुआ’ म्हणजे ईश्वराजवळ केलेली याचना. नमाजाला वेळेचे व विधीचे बंधन असते. दुआ माणूस कोणत्याही वेळी, स्वतःच्या भाषेतही करू शकतो. तथापि प्रेषित मुहंमद यांच्या मुखातून आलेल्या काही दुआ मुस्लिम घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मूळ अरबीतच म्हटल्या जातात. आळसापासून रक्षण मागणारी अशीच एक दुआ हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रेषितांच्या सेवेत दहा वर्षे राहिलेल्या अनस इब्न मालिक यांनी ती सांगितली आहे. इ. स. ६२८ मधील खैबरच्या मोहिमेत कोठेही मुक्काम पडला की प्रेषितांच्या तोंडून हे शब्द वारंवार ऐकू येत, असे त्यांचे कथन आहे. इमाम बुखारी (८१०–८७०) यांनी आपल्या हदीससंग्रहात ते नोंदविले.

या दुआत आठ गोष्टींपासून आश्रय मागितला आहे : चिंता आणि दुःख, असमर्थता आणि आळस, कृपणता आणि भित्रेपणा, ऋणाचा भार आणि माणसांची जबरदस्ती. आळस येथे एकटा आलेला नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. ज्याला आपण आळशी म्हणतो, त्याच्या मनावर उद्याची चिंता, कालचे दुःख किंवा सावकाराचा तगादा यांचे ओझे असू शकते, हे या सहवासावरूनच सुचते.

दमास्कसचे विद्वान इब्न कय्यिम (१२९२–१३५०) यांनी या आठ गोष्टींच्या चार जोड्या लावून दाखविल्या. चिंता भविष्याची असते, दुःख भूतकाळाचे. भित्रा मनुष्य देहाने उपयोगी पडत नाही, कृपण मनुष्य धनाने. ऋणको दुसऱ्याच्या न्याय्य हक्कामुळे दबलेला असतो, तर जुलमाखाली सापडलेला अन्यायामुळे. आणि चौथी जोडी आपल्या विषयाची : ‘अज्ज’ म्हणजे करण्याची शक्तीच नसणे, ‘कसल’ म्हणजे शक्ती असूनही इच्छा नसणे. मराठीतील ‘अजिजी’ हा शब्द फारसीच्या वाटेने याच ‘अज्ज’च्या कुळातून आला आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात. काम पडून राहिलेले असते आणि माणूस बसून असतो. परंतु ज्याची शक्ती संपली आहे त्याला आळशी म्हणून दूषण दिले, तर आजाऱ्याला शिक्षा केल्यासारखे होते. उलट, ज्याची केवळ इच्छा मंदावली आहे त्याने स्वतःला असमर्थ मानले, तर तो आपल्या हातातील साधनही गमावतो. दुआ म्हणणाऱ्याला दोन्ही शब्द उच्चारावे लागतात. त्यामुळे आपल्याला यांपैकी नेमके काय झाले आहे, हा प्रश्न त्याला स्वतःलाच विचारता येतो.

अबू दाऊद यांच्या संग्रहातील एक कथा या संदर्भात सांगितली जाते. नमाजाची वेळ नसताना अबू उमामा नावाचे एक अन्सारी मशिदीत बसलेले प्रेषितांना दिसले. कारण विचारता, चिंता आणि कर्ज यांनी घेरल्याचे त्यांनी सांगितले. तेव्हा प्रेषितांनी हीच दुआ सकाळ-संध्याकाळ म्हणण्यास त्यांना शिकविले. काही हदीसतज्ज्ञ या कथेची परंपरा दुर्बल मानतात. दुआचे शब्द मात्र अनस यांच्या कथनामुळे प्रमाण ठरले आहेत. कथेतील क्रम तरीही बोलका आहे : आधी विचारपूस, मग उपदेश.

याचना केल्यावर स्वस्थ बसावे, असे ही परंपरा सांगत नाही. भीक मागण्यापेक्षा दोर घेऊन रानात जावे आणि पाठीवर मोळी आणून विकावी, हे बरे, अशी शिकवण बुखारींच्याच संग्रहात आहे. तेथेच दुसऱ्या एका हदीसमध्ये असे म्हटले आहे की, झोपलेल्या माणसाच्या मानेमागे सैतान तीन गाठी मारतो. जागे होताच ईश्वराचे स्मरण केले की पहिली गाठ सुटते, वुजू केली की दुसरी, आणि नमाज पढला की तिसरी. मग माणूस उत्साही होऊन सकाळ पाहतो. एरवी तो जड मनाने व आळसावलेला उठतो.

या दृष्टांतातील व्यवहारज्ञान कोणत्याही धर्माच्या माणसाला पटण्यासारखे आहे. तिन्ही गाठी एकदम सोडण्याची अपेक्षा येथे नाही. पहिली गाठ एका स्मरणाने सुटते. त्यासाठी अंथरुणातून उठावेही लागत नाही. दुसरीला ओंजळभर पाणी लागते. उत्साह आला म्हणजे कार्य करू, असे म्हणत थांबणाऱ्याला येथे उलटा क्रम दाखविला आहे : आधी लहानशी कृती, तिच्यामागून उत्साह.

दुआ आणि दृष्टांत एकत्र वाचले म्हणजे या शिकवणीचे पूर्ण रूप दिसते. जे स्वतःच्या शक्तीबाहेरचे आहे ते ईश्वराजवळ मागावे. जे हाताशी आहे त्याची पहिली गाठ स्वतः सोडावी. आणि शेजारी कोणी वेळी-अवेळी नुसता बसून राहिलेला दिसला, तर त्याला आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्यावर कशाचे ओझे आहे, एवढे तरी विचारावे.